जुना खडक, नवे धक्के: मराठवाड्याच्या जमिनीविषयी विज्ञानाला काय कळले, काय कळायचे आहे

प्रश्न कोणता

विज्ञानातल्या थक्क करणाऱ्या बातम्या बहुधा लांबच्या असतात. कुठे कृष्णविवराचे छायाचित्र, कुठे मंगळावरची माती. लातूर, नांदेड आणि हिंगोली या जिल्ह्यांच्या वाट्याला मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आलेल्या अशा बातम्या पायाखालच्या जमिनीच्या आहेत. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने जगभरच्या भूशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. नांदेड शहरात, निलंगा तालुक्यातल्या हासोरीत, वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात लोकांनी जमिनीतून येणारे आवाज ऐकले. २०२४ साली हिंगोलीतून उठलेले धक्के आसपासच्या जिल्ह्यांनी अनुभवले. आणि त्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, विश्वाच्या टोकाकडून येणारी कंपने टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्यासाठी जागा निवडताना जमीन शांत असणे ही मुख्य अट होती.

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकरांना या विषयाची ओढ वाटण्याला आणखी एक कारण आहे. किल्लारी आणि औंढा ही दोन्ही ठिकाणे देगलूरपासून सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटरवर आहेत. शिवाय महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसाल्टखाली झाकला गेला आहे, तो थर देगलूर-बिलोली-मुखेडकडे येता येता विरळ होतो आणि त्याखालचा मूळ खडक उघडा पडतो. गावाबाहेर माळावर दिसणारे करडे-गुलाबी, मिठाच्या खड्यांसारखे कण चमकवणारे ग्रॅनाइटचे गोटे हा तोच प्राचीन पाया आहे. किल्लारीला तो पाहायला जमिनीत तीनशे मीटरपेक्षा खोल भोक पाडावे लागले. आपल्याकडे तो बांधावर बसायला मिळतो.

स्थिर मानल्या गेलेल्या या जुन्या भूमीत भूकंप का होतात, आणि पुढे काय होऊ शकते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याची पार्श्वभूमी, त्यावरची प्रमुख मते आणि अजून न सुटलेल्या गाठी क्रमाने मांडतो.

१९९३ पूर्वीची समजूत

भूकंप पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्यांच्या, म्हणजे भूपट्टांच्या, कडांवर होतात ही मांडणी १९६० च्या दशकात पक्की झाली. हिमालय, जपान, चिली, कॅलिफोर्निया ही सारी ठिकाणे अशा कडांवर आहेत. दख्खनचे पठार कडेपासून शेकडो किलोमीटर आत आहे. त्याचा पाया अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहून जुना. त्यावर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. इतके जुने, थंड आणि घट्ट कवच हलणार नाही, असे मानायला आधार होता. भारतीय मानक संस्थेच्या १९८४ पर्यंतच्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, क्षेत्रात होता.

या समजुतीला पहिला तडा कोयनेने दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ रिश्टरचा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. पण तिथे १०३ मीटर उंचीचे धरण होते आणि १९६२ पासून पाणी साठू लागल्यावरच लहान धक्के सुरू झाले होते. त्यामुळे कोयनेचे प्रकरण जलाशयाशी जोडले गेले आणि उरलेल्या पठाराबद्दलचा विश्वास तसाच राहिला. १९७३ साली गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून कृष्णब्रह्मम आणि नेगी या शास्त्रज्ञांनी बेसाल्टखाली कोयना आणि कुर्डुवाडी भागात जुन्या खचदऱ्या दडल्या असाव्यात असे सुचवले होते. पुढे किल्लारीच्या चर्चेत कुर्डुवाडीच्या त्या पट्ट्याचे नाव पुन्हा पुन्हा आले. परदेशातही इशारा मिळाला होता. २२ जानेवारी १९८८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या टेनंट क्रीक या अतिप्राचीन भूभागात एकाच दिवसात सहा रिश्टरपेक्षा मोठे तीन भूकंप झाले.

किल्लारीतही पूर्वसूचनेसारखे काही घडले. १९९२ च्या पावसाळ्यापासून परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यांतला एक चांगलाच मोठा होता. मग धक्के ओसरले. असे धक्क्यांचे थवे पठारावर अनेक ठिकाणी येतात आणि बहुतेक वेळा काही न घडता थांबतात. मोठा भूकंप येऊ घातला आहे, हे त्यावरून ओळखण्याची रीत तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

किल्लारीने काय दाखवले

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ रिश्टरचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान गेली. जगात इतक्या ताकदीचे भूकंप दरवर्षी शंभराच्या आसपास होतात. त्यांतला हा एक इतका संहारक का ठरला, याची दोन उत्तरे लगेच मिळाली. त्याचे केंद्र जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आतच होते, आणि घरे दगड-मातीची होती. जाड भिंती चिखलात रचलेल्या, वर लाकडी सरे आणि त्यावर पांढऱ्या मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद झोपेतल्या माणसांवर आले. यावर अभ्यासकांत तेव्हाही दुमत नव्हते, आजही नाही.

जमिनीने दाखवलेल्या खुणा मात्र नव्या होत्या. किल्लारी-तळणी परिसरात साधारण किलोमीटरभर लांबीच्या पट्ट्यात जमीन फाटून एक बाजू दुसरीवर चढलेली दिसली. याचा अर्थ, दोन्हीकडून दाब येऊन खडकाचा एक तुकडा दुसऱ्यावर सरकला होता. खंडांच्या स्थिर भागातला भूकंप जमिनीच्या पृष्ठभागावर इतकी स्पष्ट खूण सोडतो, असे क्वचितच घडते. त्यामुळे किल्लारी हे नाव जगभरच्या भूकंपशास्त्राच्या अभ्यासात गेले.

त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे विवरे खोदली. सर्वांत खोल विवर ६१७ मीटरचे. त्यातून वर आलेल्या खडकाच्या दंडगोलांनी जमिनीची उभी वंशावळ सांगितली. वरून ३३८ मीटर बेसाल्टचे थर, मग लाव्हा येण्यापूर्वीच्या काळातला ८ मीटरचा गाळ, आणि त्याखाली थेट प्राचीन नीस खडक. भेगेच्या दोन बाजूंना घेतलेल्या विवरांत एकच लाव्हाथर काही मीटर वर-खाली सरकलेला आढळला. १९९३ च्या एका धक्क्याने इतके सरकणे शक्य नव्हते. म्हणजे ही भेग आधीही हलली असली पाहिजे.

या निष्कर्षाला दुसऱ्या बाजूने पुरातत्त्वानेही आधार दिला. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीला चर खणले आणि किल्लारीजवळून वाहणाऱ्या तेरणा नदीच्याच काठच्या तेर या सातवाहनकालीन नगरीच्या अवशेषांत जमीन विस्कटल्याच्या खुणा शोधल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी तेरजवळ मोठा भूकंप झाला असावा, असे त्यांनी मांडले. २००२ साली मानक संस्थेने नकाशा बदलला, पहिले क्षेत्र रद्द केले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात घातला.

कारणांविषयीची मते

भूकंप झाला हे निर्विवाद. तो तिथेच आणि तेव्हाच का झाला, यावर चार प्रमुख मते आहेत. ती एकमेकांना पूर्णपणे खोडत नाहीत, पण भर वेगवेगळ्या गोष्टींवर देतात.

पहिले मत दाबाचे आणि जुन्या भेगांचे. भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटरच्या वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकतो आणि हिमालयात आशियाला भिडतो. त्या टकरीचा दाब संपूर्ण द्वीपकल्पात पसरतो. खडक सगळीकडे सारखा मजबूत नसतो. जिथे जुनी भेग, जुनी खचदरी किंवा दोन प्राचीन भूखंडांचा सांधा असतो, तिथे तो दाब मोकळा होतो. किल्लारीतली चढीव भेग, विवरांतले नमुने आणि तेरचा पुरावा या मताला बळ देतात. त्यावरचा आक्षेप असा की, अशा जुन्या भेगा पठारात असंख्य आहेत. त्यांतली हीच का हलली, हे नुसत्या दाबाने सांगता येत नाही.

दुसरे मत जलाशयाचे. किल्लारीपासून जवळच माकणीला निम्न तेरणा प्रकल्प आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतले लिओनार्डो सीबर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हा भूकंप त्या जलाशयामुळे सुरू झाला असण्याची शक्यता मांडली. पाण्याचा भार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भेगांतून खोल झिरपणारे पाणी, खडकाच्या दोन बाजूंमधली पकड सैल करते, हा त्यामागचा विचार. कोयनेत हीच यंत्रणा बहुतेक अभ्यासकांनी मान्य केली आहे. तेरणेबाबत मात्र अनेक भारतीय शास्त्रज्ञ सहमत नाहीत. त्यांच्या मते हा जलाशय कोयनेच्या मानाने लहान आणि उथळ आहे, आणि पाण्याची पातळी व धक्के यांचा कोयनेसारखा वर्षानुवर्षांचा मेळ इथे दिसत नाही. भूकंपापूर्वी किल्लारीच्या आसपास भूकंपमापकांचे दाट जाळे नव्हते. त्यामुळे जलाशय भरतानाच्या काळातली सूक्ष्म नोंद मिळत नाही आणि वाद निकाली निघत नाही.

तिसरे मत खोलवरच्या द्रवांचे. जमिनीची विद्युतवाहकता मोजण्याच्या पद्धतीने हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांना किल्लारीखाली सहा ते दहा किलोमीटरच्या पट्ट्यात वीज सहज वाहून नेणारा भाग आढळला. कोरडा नीस वीज वाहून नेत नाही. म्हणून तिथे खारट पाण्यासारखे द्रव अडकले असावेत, असा निष्कर्ष निघतो. असे द्रव खडकाला आतून फुगवतात आणि मोडायला सोपा करतात. जलाशयाचा हात नसतानाही भूकंप कसा होऊ शकतो, याचे उत्तर या मतातून मिळते. पण वाहकता वाढण्याला ग्रॅफाइटसारखी दुसरी कारणेही असू शकतात, आणि तितक्या खोलीवरून नमुना आणल्याखेरीज खात्री देता येत नाही.

चौथे मत अलीकडचे आणि जागतिक आहे. एरिक काले, सेथ स्टाइन, मियान लिऊ आदींनी २०१६ साली स्थिर खंडांतल्या मोठ्या भूकंपांचा आढावा घेऊन म्हटले की, इथे एकाच भेगेवर ठरावीक काळाने भूकंप होतो ही अपेक्षा चुकीची आहे. जुन्या कवचात लाखो वर्षांपासून ताण साठून राहिलेला असतो. पाऊस, धूप, पाणी यांसारख्या लहानशा बदलाने तो कुठेही सुटू शकतो आणि पुन्हा त्या ठिकाणी परतायला प्रचंड काळ लागतो. हे खरे मानले तर १९९३ मध्ये न हललेली भेग पुढच्या धोक्याची असू शकते आणि किल्लारी स्वतः कदाचित शांत राहील. तेरचा पुरावा मात्र याच नदीखोऱ्यात दीड हजार वर्षांत दोन मोठे धक्के बसल्याचे सुचवतो. या दोन निरीक्षणांचा मेळ अजून बसलेला नाही.

नांदेड-हिंगोलीचे धक्के आणि जमिनीतले आवाज

२००६ नंतर काही वर्षे नांदेड शहराच्या आसपास लहान, उथळ धक्क्यांचे थवे येत राहिले. धक्क्याआधी किंवा धक्क्यासोबत स्फोटासारखा आवाज होई. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील अभ्यासकांनी परिसरातल्या बेसाल्टमध्ये दाबामुळे निर्माण झालेल्या विकृतीच्या खुणा शोधून २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. लाव्हा थिजल्यानंतरच्या काळातही इथला खडक दाबला गेला आहे, हे त्यातून पुढे आले.

त्यानंतरची ठळक नोंद २१ मार्च २०२४ ची. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ रिश्टरचा आणि त्यानंतर अकरा मिनिटांनी ३.६ रिश्टरचा धक्का हिंगोली जिल्ह्यात बसला; नांदेड आणि परभणीतही तो जाणवला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का झाला. मार्चमधल्या धक्क्यानंतर प्रशासनाने केलेले एक आवाहन लक्षात ठेवण्याजोगे आहे: पत्र्याच्या घरांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. आपल्या भागात पत्रा उडू नये म्हणून मोठ्या दगडांची ओळ ठेवण्याची सर्रास पद्धत आहे. मध्यम धक्क्यातही तो दगड पत्र्यासकट खाली येऊ शकतो.

४.५ आणि ६.२ या आकड्यांतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा. रिश्टरची पायरी एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. त्या हिशेबाने किल्लारीच्या भूकंपात हिंगोलीच्या एका धक्क्यापेक्षा तीनशे पटींहून अधिक ऊर्जा होती. म्हणून लहान धक्के बसल्याने मोठ्या भूकंपाचा ताण निघून जातो, हा समज टिकत नाही. त्या ऊर्जेच्या बरोबरीला शेकडो मध्यम धक्के लागतील.

आवाजांबाबत तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले, ते अतिउथळ सूक्ष्म भूकंपांचेच असतात. भूकंपाच्या पहिल्या लहरी ध्वनीसारख्याच असतात. केंद्र एक-दोन किलोमीटरवर असेल आणि खडक घट्ट असेल, तर त्यांचा ऐकू येणारा भाग हवेत उतरतो. दुसरे, पावसाळ्यात भूजल वेगाने वर येते तेव्हा खडकांच्या पोकळ्यांत अडकलेली हवा दाबली जाऊन सुटते. तिसरे, आवाजाचा उगम जमिनीत नसतोच. तो वरचा, माणसाने केलेला किंवा हवेतला असतो. हासोरीत सप्टेंबर २०२२ मध्ये आवाजांसोबत लहान धक्क्यांचीही नोंद झाली, म्हणजे पहिले स्पष्टीकरण तिथे लागू पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूर शहरात ऐकू आलेल्या मोठ्या आवाजाच्या वेळी मात्र लातूर, औराद शहाजानी आणि आशिव या तिन्ही केंद्रांवर भूकंपाची नोंद झाली नाही. एकाच प्रकारच्या अनुभवामागे वेगवेगळी कारणे असू शकतात, इतके यावरून म्हणता येते.

पाण्याचा संबंध इथेही पुन्हा पुढे येतो. पावसाळ्यानंतर धक्क्यांचे थवे येतात, असे द्वीपकल्पात अनेक ठिकाणी दिसले आहे. पालघरच्या डहाणू भागात नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालेला थवा त्यांत सर्वांत लांबलेला. उपशाचाही विचार होतो. स्पेनच्या लोर्का शहरातल्या २०११ च्या भूकंपामागे दशकानुदशके झालेला भूजल उपसा होता, असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठवाड्यात शेकडो फूट खोल बोअर सर्वत्र आहेत. त्यांचा धक्क्यांशी संबंध आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. नाही असेही सिद्ध झालेले नाही. तो तपासण्यासाठी भूजलपातळी आणि सूक्ष्म धक्के यांची एकाच ठिकाणची दीर्घ नोंद लागेल.

भाकीत: कुठवर आलो

या विषयावर कुठेही चार माणसे बोलू लागली की शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: पुढचा कधी? इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी चीनमधल्या हायचेंगला आधीच्या धक्क्यांवरून लोकांना बाहेर काढले गेले आणि हजारो जीव वाचले. दीड वर्षाने, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशानला तसा इशारा मिळाला नाही आणि दोन लाखांहून अधिक माणसे गेली. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १९९३ पर्यंत भूकंप होईल असा अंदाज देऊन यंत्रे रोवली गेली; भूकंप झाला २००४ मध्ये. दिवस आणि ठिकाण सांगणारे भाकीत आज कोणालाही करता येत नाही, यावर बहुतेक शास्त्रज्ञांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढे कधी करता येईल का, यावर. एक गट म्हणतो की, लहान धक्का वाढत जाऊन मोठा होईल की थांबेल हे खडकाच्या अगदी बारीक तपशिलांवर ठरते, म्हणून भाकीत तत्त्वतःच अशक्य आहे. दुसरा गट म्हणतो की, आपण केंद्राच्या पुरेसे जवळ जाऊन कधी मोजलेच नाही.

जवळ जाऊन मोजण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच चालू आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या कराड येथील बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर २०१७ मध्ये पूर्ण केले. कोयनेत धक्के लहानशा परिसरात आणि सतत होतात; भूकंपाच्या जवळ यंत्र उतरवून वाट पाहण्यासाठी जगात अशा जागा थोड्याच आहेत. तिथे हाती लागणारे निष्कर्ष किल्लारीच्या द्रवांचा वादही पुढे नेऊ शकतील.

भाकिताहून वेगळी गोष्ट म्हणजे तात्काळ इशारा. भूकंप झाल्याबरोबर पहिल्या लहरी ओळखून, विध्वंसक लहरी पोचण्याआधी दूरच्या गावांना सावध करता येते. किल्लारीसारखा भूकंप पुन्हा तिथेच झाला आणि अशी यंत्रणा असली, तर देगलूरला वीस-पंचवीस सेकंद मिळू शकतात. किल्लारीला मात्र जवळपास काहीच मिळणार नाही. उथळ आणि स्थानिक भूकंपापुढे या तंत्राची मर्यादा उघड आहे.

औंढ्याची वेधशाळा

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची ती खूण होती. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला आणि आठवड्याच्या आत भारत सरकारने लायगो-इंडियाला, म्हणजे औंढ्याच्या या वेधशाळेला, तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांनी अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या पद्धतींवर शोधाच्या कितीतरी आधीपासून पायाभूत काम केले होते.

चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांत लेसर किरण धावतील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा लांबीतला बदल मोजला जाईल. मग हिंगोलीच्या धक्क्यांचे काय? याबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. या वेधशाळेला रोजचा त्रास भूकंपापेक्षा सतत चालणाऱ्या बारीक कंपनांचा असतो: वाहतूक, वारा, समुद्राच्या लाटांनी होणारी जमिनीची थरथर. लुइझियानातल्या लिव्हिंगस्टनच्या वेधशाळेला जवळच्या वृक्षतोडीचाही उपद्रव झाला. समुद्रापासून दूर आणि कमी वर्दळीचा औंढा परिसर या निकषावर उजवा ठरला. अधूनमधून येणारे मध्यम धक्के निरीक्षण थोडा वेळ तोडतात. ते गृहीत धरून आरसे अनेक थरांच्या लोलकांवर टांगलेले असतात. मोठ्या भूकंपाचा प्रश्न वेगळा आहे. १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपात जपानच्या काग्रा वेधशाळेचे नुकसान होऊन तिचे निरीक्षण पुन्हा सुरू होणे लांबले होते. मराठवाड्यात तेवढ्या ताकदीचा भूकंप इतिहासाला ज्ञात नाही. पण हिंगोलीचे धक्के कोणत्या भेगेवर होतात, हे कळणे वेधशाळेसाठीही महत्त्वाचे आहे. उलट बाजूने, वेधशाळेभोवती बसणारी संवेदनशील यंत्रे या भागातल्या जमिनीची आजवर न झालेली बारकाईची नोंद करतील. आकाशातल्या शोधांसाठी उभारलेल्या केंद्रातून पायाखालचाही शोध लागू शकतो, ही या प्रकल्पातली कमी बोलली जाणारी शक्यता आहे.

अनिर्णित काय, आणि पुढे कशाकडे पाहावे

आढाव्याअंती न सुटलेले प्रश्न असे उरतात. किल्लारीत पाण्याचा वाटा होता का, असला तर तो जलाशयातल्या पाण्याचा की खोलवरच्या प्राचीन द्रवांचा? तेरणेच्या खोऱ्यात भूकंप पुन्हा पुन्हा होतात, की १९९३ चा धक्का त्या भेगेचा फार मोठ्या काळासाठी शेवटचा होता? नांदेड, हिंगोली आणि किल्लारी यांचे धक्के एकाच दाबव्यवस्थेचे आहेत, की स्वतंत्र स्थानिक कारणांचे? काळ्या खडकाखाली अजून किती भेगा दडल्या आहेत?

उत्तरे कुठून येतील, याचा अंदाज मात्र करता येतो. इस्रो आणि नासाचा निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. दर बारा दिवसांनी तो जमिनीच्या त्याच पट्ट्याची रडारने मोजणी करतो, आणि जमीन सेंटिमीटरभराहूनही कमी उचलली वा खचली तरी ते त्यातून कळू शकते. भूजल उपशामुळे कुठे जमीन बसते आहे, हेही त्यातून दिसेल. संगणकाच्या मदतीने जुन्या नोंदी पुन्हा चाळण्याचे काम दक्षिण कॅलिफोर्नियात झाले, तेव्हा २००८ ते २०१७ या काळातले अठरा लाखांहून अधिक भूकंप सापडले. पूर्वीच्या यादीच्या ते जवळपास दहा पट होते. आपल्या भागातल्या नोंदींतही असे न वाचलेले बरेच काही असू शकते. दूरसंचाराच्या प्रकाशतंतूंचा भूकंपमापक म्हणून वापर करण्याचे प्रयोगही जगभर चालू आहेत. अशा तारा आता आपल्याकडेही तालुक्या-तालुक्यांतून गेल्या आहेत.

आणि देगलूर-बिलोलीचा उघडा खडक? किल्लारीच्या पायाची रचना, त्यातले सांधे आणि जुन्या भेगांच्या दिशा समजून घ्यायच्या, तर तोच खडक उन्हात पाहता येईल अशी ही जागा आहे. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला होकायंत्र आणि वही घेऊन करता येण्याजोगे हे काम आहे, आणि अजून पुष्कळ बाकी आहे. धक्का किंवा आवाज जाणवल्यास वेळ, ठिकाण आणि काय हलले याची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या ‘भूकंप’ या ॲपवर कोणालाही करता येते. यंत्रे विरळ असलेल्या भागात अशा नोंदींना खरी किंमत असते.

पुढच्या काही वर्षांत या प्रश्नाविषयी नव्या, कदाचित धक्का देणाऱ्या बातम्या येतील. त्या वाचताना तीन गोष्टी विचारल्या तर बातमीचे वजन कळते: काय मोजले, कुठे मोजले, आणि जे सहमत नाहीत त्यांचे म्हणणे काय. कारणांच्या चारही मतांचे पुरस्कर्ते एका मुद्द्यावर मात्र एकत्र येतात. ही भूमी पूर्ण स्थिर नाही, तिचे वेळापत्रक आपल्याला ठाऊक नाही, आणि किल्लारीत माणसे मारली ती घरांनी. म्हणून विज्ञानाची उत्तरे येईपर्यंत थांबावे लागणार नाही असे एक काम आपल्या हातात आहे: भिंतीला जोडपट्टी, छताला हलकेपणा, आणि पत्र्यावर दगडांऐवजी हुक आणि नटबोल्ट.